हाकेचे नाव

घरात कुत्र्याचे पिल्लू आले म्हणजे दोन गोष्टी ताबडतोब घडतात. कोणीतरी वाटीभर दूध आणून त्याच्यापुढे ठेवते, आणि त्याच्या नावाविषयी घरात वाद सुरू होतो. आजीला ‘मोत्या’ हे नाव हवे असते, कारण तिच्या माहेरच्या कुत्र्याचे तेच नाव होते. थोरल्या भावाला नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटातील नायकाचे नाव सुचते. धाकट्या बहिणीला एखाद्या गाजलेल्या खेळाडूचे नाव आवडते. ‘टॉमी म्हणा आणि मोकळे व्हा,’ असे वडील म्हणतात. पिल्लू मात्र दूध संपवून कोणाच्या तरी पायाशी केव्हाच झोपी गेलेले असते.

वरवर पाहता हा वाद क्षुल्लक वाटतो. पण तो तसा नाही. कुत्रा बहुधा दहा ते तेरा वर्षे जगतो. आज सहाव्या इयत्तेत शिकणारा मुलगा त्या कुत्र्याच्या म्हातारपणी शिक्षण संपवून नोकरीला लागलेला असेल. तेवढ्या काळात कुत्र्याचे नाव घरातल्यांच्या तोंडी हजारो वेळा येईल. अंगणातून, गल्लीतून, शेताच्या बांधावरून ते मोठ्याने उच्चारले जाईल आणि शेजारीपाजारी ते ऐकतील. म्हणून नाव ठेवताना थोडा विचार करणे अगत्याचे आहे. ते काही वर्षांनी शिळे होऊ नये, आणि पिल्लू नर असो वा मादी, ते दोघांनाही शोभावे, एवढी काळजी घेतली तर पुष्कळशी अडचण दूर होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की नाव माणसाला जसे वाटते तसे कुत्र्याला वाटत नाही. माणूस नावाचा अर्थ पाहतो. कुत्रा फक्त ध्वनी ऐकतो. ‘राजा’ म्हटल्याने त्याला सिंहासनाची आठवण होत नाही, की ‘काळ्या’ म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही. तो ध्वनी आपल्यासाठी आहे, तो उमटला की घरचे माणूस आपल्याकडे पाहते, जवळ बोलावते, कधी खाऊ देते, एवढे मात्र तो लवकर शिकतो. आणि एकदा शिकला की सहसा विसरत नाही.

या बाबतीत त्याचे कान किती तरबेज असतात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांचा असा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाठीमागे अनेक माणसांच्या बोलण्याचा गलबला चालू असतानाही कुत्री आपले नाव इतर नावांतून निवडून ओळखतात, असे त्यांना आढळून आले. त्याच देशातील जॉन पिली या मानसशास्त्रज्ञांनी ‘चेसर’ नावाच्या आपल्या कुत्रीला एक हजारांहून अधिक खेळण्यांची नावे शिकवली होती. नाव घेतले की ती नेमके तेच खेळणे उचलून आणी. ‘चेसर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘पाठलाग करणारा’ किंवा ‘पाठलाग करणारी’ असा दोन्ही प्रकारे होतो. नर असता तरी तिचे नाव बदलावे लागले नसते.

कुत्र्याचे नाव हे मुळात हाक मारण्यासाठी असते, ही गोष्ट प्राचीन लोकांनाही ठाऊक होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीस देशात झेनोफन नावाचा लेखक होऊन गेला. शिकारीच्या कलेवरील एक ग्रंथ त्याच्या नावावर आहे. शिकारी कुत्र्यांची नावे आखूड असावीत, म्हणजे त्यांना हाक मारणे सोपे जाते, असा सल्ला त्या ग्रंथात दिला असून पुढे सत्तेचाळीस नावांची यादीच दिली आहे. नरांची निराळी आणि माद्यांची निराळी अशा दोन याद्या तेथे नाहीत. सारी नावे एकाच यादीत आहेत. त्यांचे अर्थही पाहण्यासारखे आहेत. ‘फुलाक्स’ म्हणजे रखवालदार, ‘लोंखे’ म्हणजे भाला, ‘खारा’ म्हणजे आनंद, ‘ग्नोमे’ म्हणजे बुद्धी आणि ‘आक्तिस’ म्हणजे किरण. तेवीसशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आनंद, बुद्धी आणि किरण यांपैकी एकही कल्पना जुनी झालेली नाही. त्या काळच्या एखाद्या गाजलेल्या मल्लाचे नाव कुत्र्याला दिले असते, तर आज त्याचा अर्थ विद्वानांनाच विचारावा लागला असता.

आपल्याकडे कुत्र्याचे नाव बहुधा त्याच्या रंगावरून, रूपावरून किंवा गुणावरून ठेवतात. ही रीतही फार जुनी आहे. वैदिक वाङ्मयात यमाच्या दोन कुत्र्यांची नावे ‘श्याम’ आणि ‘शबल’ अशी आली आहेत. श्याम म्हणजे काळा आणि शबल म्हणजे ठिपकेदार, चित्रविचित्र रंगांचा. त्यांच्या आईचे नाव सरमा. पणींनी लपवून ठेवलेल्या गाई शोधण्यासाठी इंद्राने सरमेला धाडले, तिने त्या शोधून काढल्या आणि पणींच्या कोणत्याही आमिषाला ती बळी पडली नाही, अशी कथा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. सरमेच्या नावावरूनच संस्कृतात कुत्र्याला ‘सारमेय’ हा शब्द रूढ झाला. एका मादीच्या नावाने साऱ्या जातीची ओळख व्हावी, हा मान थोडाथोडका नव्हे.

रंगावरून नाव ठेवण्यात एक अडचण मात्र आहे. पिल्लाचा रंग आणि मोठ्या कुत्र्याचा रंग सारखाच राहील, अशी खात्री देता येत नाही. अंगभर काळे ठिपके असलेली डाल्मेशियन जातीची कुत्री सर्वांच्या परिचयाची आहेत. पण त्यांची पिल्ले जन्मतः पांढरीशुभ्र असतात, ठिपके मागाहून उमटतात. आकाराचेही असेच आहे. तळहातावर मावणारे पिल्लू पाहून कौतुकाने ‘छोटू’ नाव ठेवावे, आणि वर्षभराने त्या छोटूने मागच्या पायांवर उभे राहून पाहुण्यांच्या खांद्यावर पंजे टेकावेत, असे प्रसंग काही दुर्मीळ नाहीत. तेव्हा बालपणीचे रूप पाहून ठेवलेले नाव म्हातारपणी शोभेल की नाही, हे आधीच मनाशी ताडून पाहणे बरे.

मराठीत आणखी एक विशेष आढळतो. इतर भाषांत बहुधा नर आणि मादी यांच्यासाठी दोन शब्द असतात. मराठीत मात्र कुत्रा, कुत्री आणि कुत्रे असे तीन शब्द आहेत. ‘कुत्रे भुंकत होते,’ असे म्हटले म्हणजे तो नर होता की मादी, हे सांगण्याची गरजच उरत नाही. ‘पिल्लू’ हा शब्दही तसाच. लिंगभेद न करता प्राण्याविषयी बोलण्याची सोय मराठी भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. परंतु नाव ठेवण्याची वेळ आली, की ही सोय आपण विसरतो. मोत्या, वाघ्या, खंड्या, काळ्या ही नावे ‘या’ने संपतात आणि नरांना चिकटतात, काळी, तांबडी, चिमी ही नावे ‘ई’ने संपतात आणि माद्यांच्या वाट्याला जातात. शिवाय वाघासारखी, राजासारखी रुबाबदार नावे नरांना द्यायची आणि नाजूक, लाडिक नावे माद्यांना द्यायची, अशीही प्रवृत्ती दिसते. रात्री फाटकाशी बसून घराची राखण करणारी कुत्री कोणत्याही कुत्र्याहून कमी दक्ष नसते. मग तिच्या नावात कमी बळ का असावे?

मराठी नामाला स्वतःचे लिंग असते. मग नर आणि मादी दोघांनाही शोभणारे नाव मिळावे कसे, अशी शंका येथे कोणी घेईल. या शंकेचे उत्तर आपल्या नित्याच्या बोलण्यातच सापडते. ‘किरण’ हे नाव मुलांचेही असते आणि मुलींचेही. ‘किरण आला’ म्हटले की मुलगा समजतो, ‘किरण आली’ म्हटले की मुलगी समजते. नाव तेच राहते. भेद दाखवण्याचे काम क्रियापद करते. ‘दव पडले’ या वाक्यात दव हा शब्द नपुंसकलिंगी आहे. पण पिल्लाचे नाव ‘दव’ ठेवले, तर ‘दव धावत आला’ किंवा ‘दव धावत आली’ असे दोन्ही प्रकारे सहज म्हणता येईल. रान, ऊन, मेघ, तीळ हे शब्दही असेच आहेत. ते आखूड आहेत, रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वी ते जेवढे ताजे होते तेवढेच आजही आहेत. ऊन आणि दव यांना जुनेपणा येत नाही.

असेच एक साधे नाव जपानमध्ये जगप्रसिद्ध झाले. टोकियोच्या विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक उएनो यांनी १९२३ साली जन्मलेले अकिता जातीचे एक पिल्लू पाळले होते. त्याचे नाव ‘हाची’. जपानी भाषेत हाची म्हणजे आठ. या आकड्यात रंग नाही, रूप नाही, नर-मादी हा भेदही नाही. प्राध्यापक घरी परतत, तेव्हा हाची त्यांना भेटण्यासाठी शिबुया स्थानकावर जात असे. मे १९२५ मध्ये प्राध्यापक कामावर असतानाच एकाएकी मरण पावले. हाचीला ते कोण सांगणार? तो पुढे सुमारे दहा वर्षे, ८ मार्च १९३५ रोजी त्याला मृत्यू येईपर्यंत, त्या स्थानकावर येऊन वाट पाहत राहिला. त्याच्या हयातीतच, १९३४ साली, तेथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. युद्धकाळात तो पुतळा धातूसाठी वितळवला गेला. पण १९४८ साली नवा पुतळा बसवण्यात आला. लोकांनी प्रेमाने त्याला ‘हाचिको’ म्हटले. ‘आठ’ या शब्दाला निष्ठेचा अर्थ कोणत्याही कोशात नव्हता. तो अर्थ त्या मुक्या प्राण्याने आपल्या वागण्याने त्याला मिळवून दिला.

रशियातील एका कुत्रीची कथाही अशीच आहे. मॉस्कोच्या रस्त्यांवर फिरणारी एक बेवारशी कुत्री शास्त्रज्ञांनी अंतराळप्रवासासाठी निवडली. तिचे आधीचे नाव ‘कुद्र्याव्का’ म्हणजे कुरळ्या केसांची असे होते. पुढे ‘लायका’ हे नाव रूढ झाले. लायका म्हणजे भुंकणारी. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ‘स्पुतनिक २’ या यानातून ती अंतराळात गेली आणि पृथ्वीभोवती फिरणारा पहिला प्राणी ठरली. तिला परत आणण्याची सोय त्या यानात नव्हती. ती परत आली नाही. पहिले नाव लांब, जोडाक्षरांचे आणि केसांपुरतेच होते. दुसरे दोनच ठोक्यांचे. जगातील कोणत्याही भाषेच्या माणसाला ते उच्चारता येई. पुढे १९६० साली ‘बेल्का’ आणि ‘स्त्रेल्का’ या दोन कुत्री अंतराळात जाऊन सुखरूप परत आल्या. स्त्रेल्का म्हणजे छोटा बाण. मादीला बाणाचे नाव शोभत नाही, असे तेथे कोणालाही वाटले नाही.

थोर किंवा प्रसिद्ध व्यक्तींची नावे कुत्र्यांना देण्याची हौसही पुष्कळांना असते. अलास्कातील बर्फगाडी ओढणाऱ्या एका कुत्र्याचे नाव ‘टोगो’ होते. १९०५ साली रशियाच्या आरमाराचा पराभव करणाऱ्या जपानी नौसेनापतीचे नाव त्याला देण्यात आले होते. १९२५ च्या हिवाळ्यात नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या अनेक गाड्यांनी आळीपाळीने औषध तेथे पोहोचवले. त्यांतील सर्वांत लांबचा आणि अतिशय धोक्याचा टप्पा टोगोच्या तुकडीने पार केला. टोगोला उसन्या कीर्तीवर राहावे लागले नाही. त्याने स्वतःची कीर्ती मिळवली. परंतु प्रत्येक कुत्र्याच्या आयुष्यात असा प्रसंग येत नाही. आज गाजणारा नट उद्या विस्मरणात जातो, आणि मग कुत्र्याच्या नावाचा उलगडा प्रत्येक पाहुण्याला करून द्यावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट शिष्टाचाराची आहे. नाव कुत्र्याला लागत नाही. पण माणसाला लागू शकते. कोणाच्या वाडवडिलांचे, पूज्य व्यक्तीचे, जातीचे किंवा शेजाऱ्याचे नाव कुत्र्याला ठेवून ते गल्लीत मोठ्याने पुकारणे हा कोणाला अपमान वाटू शकतो. थट्टेने ठेवलेले नाव एक दिवस हसवते आणि बारा वर्षे बोचते. कुत्र्याला त्यातले काहीच कळत नाही; त्याच्या आडून माणूस माणसाला दुखावतो, एवढेच. सज्जनाने हे टाळावे.

नाव कायम करण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे सोपे आहे. दारात उभे राहून ते नाव मोठ्याने चार-पाचदा पुकारून पाहावे. जीभ अडखळली, किंवा नाव पुकारताना संकोच वाटला, तर ते बाजूला ठेवावे. लांब नाव टिकत नाही. आठवड्याभरात त्याचा कोणीतरी तुकडा पाडतो, आणि मग आजी एका नावाने, नातू दुसऱ्या नावाने हाक मारू लागतो. नेहमीच्या आज्ञांशी जुळणारे नावही नको. पिल्लाचे नाव ‘रस’ ठेवले आणि त्याला ‘बस’ म्हणायला शिकवले, तर हाक कोणती आणि आज्ञा कोणती, याचा त्याने उलगडा कसा करावा? घरातील एखाद्या मुलाच्या नावाशी जुळणारे नाव ठेवले, तर एकाला बोलावले असता दोघेही धावत येतील.

आणि नाव ठरले, की ते जपावे लागते. कुत्र्याने जोडा कुरतडला म्हणून त्याचे नाव घेऊन रागावले, हाक मारून जवळ बोलावले आणि छडी दाखवली, की त्या नावाचा अर्थ बिघडतो. काही दिवसांनी कुत्रे नाव ऐकून जवळ येण्याऐवजी खाटेखाली दडते. याचा परिणाम केव्हा भोगावा लागेल, हे सांगता येत नाही. साखळी हातातून सुटली, कुत्रे रस्त्याकडे धावले आणि समोरून मालमोटार भरधाव येत असली, तर त्या क्षणी त्याला मागे वळवणारी एकच वस्तू धन्यापाशी असते, ती म्हणजे त्याचे नाव. त्या नावाशी प्रेम जोडलेले असेल तर ते वळते. भीती जोडलेली असेल तर ते अधिकच दूर पळते. म्हणून घरातील सर्वांनी एकच नाव घ्यावे, ते आनंदाने घ्यावे, आणि रागावण्यासाठी ते कधीही वापरू नये.

नाव ठेवणे म्हणजे जबाबदारी पत्करणे होय. रस्त्यावरचे बेवारशी कुत्रे ‘एक कुत्रे’ असते. नाव मिळाले, की ते घरातले होते. मग पावसात ते कोठे आहे, त्याने खाल्ले की नाही, याची विचारपूस करावी लागते. पुढे ते म्हातारे होते, कानांनी कमी ऐकते, पूर्वीसारखे धावत येत नाही. तेव्हाही त्याला त्याच नावाने, पण जवळ जाऊन हाक मारावी लागते. ज्याला हे करावयाचे नसेल, त्याने नाव ठेवण्याची घाई करू नये.

महाभारताच्या अखेरीस पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग चालू लागला. वाटेत द्रौपदी आणि चौघे भाऊ पडले. कुत्रा मात्र युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला सोडून रथात बसण्यास सांगू लागला. आश्रयाला आलेल्याला सोडून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिराने नाकारला. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, असे मागाहून प्रकट झाले. व्यासांनी त्या कुत्र्याचे नाव सांगितलेले नाही. युधिष्ठिराने त्याची सोबत सोडली नाही, एवढेच सांगितले आहे. चांगले नाव विचारपूर्वक निवडावे, हे खरेच; पण त्या नावाने ज्याला आपण बोलावतो, त्याला अंतर न देणे हे त्याहूनही मोठे आहे.

अभ्यास

(अ) प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. कुत्र्यांची नावे कशी असावीत, असे झेनोफनच्या ग्रंथात सांगितले आहे?
२. संस्कृतातील ‘सारमेय’ हा शब्द कशावरून आला?
३. ‘हाची’ या जपानी शब्दाचा अर्थ काय?

(आ) कारणे द्या.
१. पिल्लाच्या रंगावरून ठेवलेले नाव पुढे शोभेलच असे नाही.
२. कुत्र्याला रागावताना त्याचे नाव घेऊ नये.
३. नाव कुत्र्याला लागत नाही. पण माणसाला लागू शकते.

(इ) ‘किरण आला’ व ‘किरण आली’ या वाक्यांत लिंगभेद कोणत्या शब्दामुळे कळतो? अशाच तऱ्हेने मुलगा व मुलगी दोघांनाही ठेवता येणारी आणखी दोन नावे सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

(ई) मराठीत तिन्ही लिंगी रूपे असलेले, ‘कुत्रा, कुत्री, कुत्रे’ यांसारखे आणखी शब्द शोधून लिहा.

(उ) तुमच्या गावातील किंवा गल्लीतील पाळीव कुत्र्यांची दहा नावे मिळवा. त्यांपैकी कोणती रंगावरून, कोणती गुणावरून व कोणती प्रसिद्ध व्यक्तींवरून ठेवली आहेत, ते वेगळे करा. कोणती नावे नर व मादी दोघांनाही शोभतील, ते कारणासह सांगा.